वरणातला लाल भोपळा

थंडी पडली की लोकांना ठेवणीतले स्वेटर आठवतात, हुरड्याचे बेत आठवतात, सकाळी गोदाकाठी फिरायला जायचे संकल्प आठवतात. मला मात्र आठवते ती फक्त भाजी. नोव्हेंबर सरत आला की इंदिरानगरात आमच्या कोपऱ्यावरच्या गाड्या नुसत्या ओसंडायला लागतात. मेथीच्या ओल्या जुड्या, मटारचे ढीग, मातीसकट गाजरं, वालपापडी, पातीचे कांदे, पांढरेशुभ्र मुळे. बायका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन खुशीत घरी जातात. गाडीवाले रफिकचाचा मला लांबूनच हाक मारतात, "दीदी, मेथी ले जाव, एकदम कवळी हाय." मी जुडी उचलते, नाकाशी धरते, आणि तीन वर्षांपूर्वीची थंडी आठवून माझं डोकं पुन्हा एकदा तापतं.

त्या थंडीत माझी मुलगी जुई सहा वर्षांची होती आणि तिने भाजी खायची नाही असं ठरवलं होतं. हट्ट, रडारड, आदळआपट असं काही नाही. ते परवडलं असतं. ती शहाण्यासारखी ताटावर बसायची, पोळी खायची, वरणभात खायची, आणि भाजीला हात लावायची नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "मला नको आहे." कचेरीतला माणूस 'साहेब जागेवर नाहीत' म्हणतो, तितक्या थंडपणे. वर मी बाई शाळेत गणित शिकवणारी. चाळीस पोरांच्या डोक्यात अपूर्णांक घालणं मला जमत होतं, आणि एका पोरीच्या तोंडात दोन चमचे पालक घालणं जमत नव्हतं.

बरं, हे घडत होतं कुणाच्या घरात? माझं माहेर गिरणाऱ्याच्या पुढे, भाजीच्या मळ्यातलं. आमच्याकडे सकाळ उजाडायची ती जुड्या बांधण्यात आणि संध्याकाळ मावळायची ती क्रेट भरण्यात. चांगला माल मार्केटला आणि तडकलेला, किडका, वाकडा घराला, हा आमच्या घरचा कायदा. लग्न होईपर्यंत मी सरळ काकडी खाल्लेली नाही. फुटक्या टोमॅटोची चटणी, वरची चार पानं काढून टाकलेला कोबी, जून झालेली भेंडी. भाजी पुढ्यात आली की खायची. आवडते का, हे विचारायला कुणाला सवड होती? आता माझा भाऊ मळा बघतो, आणि दर रविवारी मार्केटला येणाऱ्या गाडीबरोबर भाचीसाठी पिशवी पाठवतो. निवडून, पुसून, एकसारखी. आणि माझी लेक त्या पिशवीकडे ढुंकूनही बघत नव्हती. मी ती भाजी शेजारी वाटून टाकायची आणि भावाला फोनवर सांगायची की जुईने फस्त केली. खोटं बोलायची सुरुवात तिथूनच झाली असावी.

सगळे उपाय करून झाले. गाजराच्या चांदण्या कापल्या. चिऊचा घास, काऊचा घास केला, तर ती म्हणाली की चिऊला देऊनच टाक. पालकाने ताकद येते असं सांगितलं, तर तिने डायनिंगची खुर्ची दोन्ही हातांनी उचलून दाखवली आणि पुन्हा जागेवर ठेवून दिली. तिच्या शाळेने डब्याचं वेळापत्रक पाठवलं होतं. सोमवारी पालेभाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी कोशिंबीर. मी पहाटे उठून वेळापत्रकाबरहुकूम डबा भरायची आणि दुपारी तो डबा तसाच्या तसा परत यायचा, फक्त आतली पोळी गायब. डायरीत शेरा असायचा, कृपया मुलीला भाजीची सवय लावावी. असले शेरे मी स्वतः दुसऱ्यांच्या डायऱ्यांत लिहीत आले होते. ते वाचताना आयांना काय वाटत असेल, हे मला तेव्हा कळलं.

सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला होता. माझे सासरे, नाना, रोज जेवताना सांगायचे की आमच्या वेळी ताटात पडेल ते मुकाट्याने खायचो. हे सांगणाऱ्या नानांना शेपूचा वाससुद्धा चालत नाही, म्हणून आमच्या घरात शेपू येत नाही. माझा नवरा संदीप म्हणायचा, अगं खाईल मोठी झाली की. तो स्वतः चाळीस वर्षांचा झाला तरी वालपापडी खात नाही आणि दोडका दिसला की त्याला ऑफिसातलं काम आठवतं. घरातल्या प्रत्येकाची नावड मला पाठ होती, आणि त्या नावडी सांभाळून मी आठवड्याचा स्वयंपाक आखायची. फक्त जुईची नावड तेवढी मला मोडून काढायची होती, कारण ती सर्वांत लहान होती. हे वाक्य मी आज लिहू शकते. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याला जेवणावरून उठवलं असतं.

शेवटी मी लबाडीवर आले. मोबाइलवर एक बाई हसतमुखाने दाखवत होती की मुलांना कळू न देता भाज्या कशा खाऊ घालाव्यात. मग आमच्या डोशात पालक शिरला, इडलीत गाजर गेलं, कणकेत दुधी मुरला. आणि सगळ्यांत मोठं यश वरणात आलं. लाल भोपळा शिजवून तुरीच्या डाळीबरोबर घोटला की पिवळ्यात पिवळं मिसळून जातं, पत्ताच लागत नाही. वरण थोडं गोडसर होतं, वरून तूप सोडायचं, लिंबू पिळायचं. जुई दोन-दोन वाट्या मागून घ्यायची. मी ओट्याशी उभी राहून तिच्याकडे बघायची आणि मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटायचं. महिनाभर हे सुरळीत चाललं. तिचे गालसुद्धा भरल्यासारखे दिसायला लागले, असं मीच म्हणायची.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी खिडकीतल्या उन्हात मेथी निवडत बसले होते. भावाचा फोन आला. मला कुणाला तरी हे सांगायचंच होतं, आणि इतके दिवस त्याच्याशी खोटं बोलत आल्यावर एकदा खरं सांगायची हौस होती. मी म्हटलं, अरे, तू पाठवलेला अख्खा भोपळा गेला तिच्या पोटात, बाईसाहेबांना पत्ताही नाही. आणि वळून बघते तर दारात जुई उभी, हातात चित्रकलेची वही.

"वरणात भोपळा असतो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, थोडासा. तिने विचारलं, रोज? आणि मी हसले. लाडाने, कौतुकाने, जसं लहान मुलांना हसतात तसं. भोपळा घातल्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. त्या हसण्याचं वाटतं.

त्या दुपारी तिने वरणभात पुढे सरकवला. सहा महिन्यांची असताना पहिल्यांदा ज्याची चव तिने घेतली, ताप आला तरी जो तिला हवा असायचा, तो वरणभात. संध्याकाळी पोळीचा तुकडा तिने खिडकीसमोर धरून आरपार बघितला. दुसऱ्या दिवशी इडली कुस्करून तपासली आणि तशीच ठेवली. दुधाचा वास घेऊ लागली. केळं चालायचं, कारण ते ती स्वतः सोलायची. बिस्किटांचा पुडा स्वतः फोडायची. बाबांनी भाजलेला ब्रेड चालायचा. माझ्या हाताखालून गेलेलं काहीच तिला नको होतं. हे तिने तोंडाने एकदाही म्हटलं नाही, रोज तीन वेळा करून दाखवलं.

भाजीचं तर मी विसरूनच गेले. आता प्रश्न एवढाच होता की माझी पोर माझ्या हातचं पुन्हा खाईल की नाही. तिच्या फ्रॉकचे खांदे सैल झाले, मानेखालची हाडं दिसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की आजार काही नाही, जबरदस्ती करू नका, वेळ द्या. या वेळ द्या म्हणणाऱ्या लोकांचा मला अतोनात राग येतो. सकाळी सहाला उठून दोन डबे भरणाऱ्या बाईकडे कोणता वेळ असतो? संदीप म्हणाला, बिस्किटं तर खातेय ना. मी हातातलं लाटणं सिंकमध्ये भिरकावलं. एकदा तर मी जुईवर ओरडले की राहा मग उपाशी. ती बरं म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. तिच्यासाठी रडले की माझ्या अपमानासाठी, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

तेवढ्यात भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे थंडीतल्या सगळ्या भाज्यांची मिळून एकच भाजी होते. वांगी, गाजरं, मटार, ओले हरभरे, वालाचे दाणे, बोरं, शेंगदाणे, वर तिळाचं कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. भावाने भली मोठी पिशवी पाठवली होती. 'न खाई भोगी, तो सदा रोगी' हे नानांचं भोगीच्या दिवशीचं ठरलेलं वाक्य सकाळपासून तीनदा म्हणून झालं होतं. मीही मनाशी पक्कं केलं होतं की आज वर्षाचा सण आहे, आज ती खाईल म्हणजे खाईल.

दुपारी तिघं टेबलाशी बसली. मी गॅसपाशी भाकऱ्या थापत होते. नानांना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते, फुगलेली, वाफ धरलेली. मी एक नेऊन वाढायची, परत येऊन दुसरी थापायची. प्रत्येक फेरीला जुईचं ताट बघायची. भाजी तशीच, भाकरी तशीच, लोणी वितळून पसरलेलं. चौथ्या फेरीला माझा तोल गेला. पिठाच्या हातांनी मी टेबलापाशी येऊन उभी राहिले आणि ओरडले, "काय आहे गं एवढं त्यात? विष घातलंय का मी?"

संदीपने मान खाली घातली. नानांचा घास हातातच राहिला. जुई रडेल असं मला वाटलं होतं, पण तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"मग तू का नाही खात?"

मी म्हटलं की मी नंतर खाणार आहे.

"तू कधीच खात नाहीस," ती म्हणाली. "बाबा खातात, नाना खातात. तू केलेलं तू नाही खात. मी रोज बघते."

ताटावर बसून मी शेवटची कधी जेवले होते? जुई झाल्यावर आधी तिला भरवण्यात, मग तिच्या मिनतवाऱ्या करण्यात, मग गरम पोळ्या वाढण्यात सहा वर्षं गेली. सगळ्यांचं उरकलं, जुई हात धुऊन खेळायला पळाली, की मी ओट्याशी उभ्याउभ्या कढईतलं पुसून घ्यायची, तिच्या ताटातलं टाकलेलं संपवायची, आणि माझं जेवण झालं. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. तसंच करायचं असतं, एवढंच मला ठाऊक होतं. आणि पोरीचा तर्क सरळ होता. जी बाई गुपचूप वरणात भोपळा घालते, आणि स्वतः केलेलं सगळ्यांना वाढून स्वतः मात्र कधी तोंडात घालताना दिसत नाही, तिच्या हातचं शहाण्या माणसाने का खावं? तिच्या जागी मीही खाल्लं नसतं.

आमच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. चौथीवर इस्त्रीचे कपडे असायचे, त्यावर जुईचं दप्तर. मी ते सगळं उचलून सोफ्यावर टाकलं आणि बसले. स्वतःसाठी ताट घेतलं. आत तव्यावरच्या भाकरीचा जळका वास सुटला, तसा संदीप धावला, उघड्या बोटांनी ती उलटायला गेला आणि चटका बसून हात झटकत राहिला. नानांच्या ताटात एका बाजूने काळी पडलेली भाकरी आली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खायला लागले.

मी भाजी वाढून घेतली आणि खाल्ली. भोगीची भाजी गरम असताना कशी लागते, हे मला छत्तिसाव्या वर्षी पुन्हा कळलं. बोरं आत विरघळून आंबटगोड झालेली असतात, तिळाचं तेल सुटलेलं असतं, वालाचा दाणा दाताखाली मऊ फुटतो. थंड झाल्यावर यातलं काही उरत नाही, आणि सहा वर्षं मी ती थंडच खाल्ली होती. मला इतकी भूक लागली होती की जुईकडे लक्ष ठेवायचंही मी विसरले. मान वर केली तेव्हा ती माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होती, घास खाली उतरतो की नाही ते.

"यात काय काय आहे?" तिने विचारलं.

मी एकेक नाव सांगितलं. वांगं सांगितलं, मटार सांगितले, हिंगसुद्धा सांगितला. काही लपवलं नाही. तिने तिचं ताट तसंच ठेवलं आणि माझ्या ताटातून गाजराची एक फोड उचलून खाल्ली. मग वालाचा दाणा तोंडात घातला, तोंड वाकडं केलं, तो बाहेर काढून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "हे नको." मी बरं म्हटलं. त्या दिवशी तिने गाजराच्या तीन फोडी आणि मी थापलेली अर्धी भाकरी खाल्ली. माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्यानंतर ती भाज्या मटामट खायला लागली असं मी लिहिलं, तर ती आणखी एक लबाडी होईल. पुढचे कित्येक महिने ती प्रत्येक पदार्थाची चौकशी करायची, आणि खरं सांगितल्यावर निम्म्या वेळा नको म्हणायची. एका लग्नाच्या पंगतीत यजमानीणबाईंना तिने विचारलं की यात काय काय घातलंय, आणि तुम्ही खाल्लंत का. मला जमीन दुभंगावी असं झालं. आज ती नऊ वर्षांची आहे. मेथी खाते, मटार खाते, पालक मर्जी असेल तेव्हा खाते. दोडक्याच्या बाबतीत ती बापाच्या पक्षात आहे. लाल भोपळ्याचं घारगं खाते, पण वरण वाढताना अजून एकदा माझ्या तोंडाकडे बघते. पोळ्या आता आधी करून डब्यात ठेवल्या जातात. नानांनी गार पोळीवरून महिनाभर कुरकुर केली, मग त्यांना सवय झाली. मी बसते. चिडचिड काही कमी झालेली नाही, पण आता ती बसून होते.

मागच्या रविवारी आम्ही मळ्यात गेलो होतो. थंडी कडक होती, वांग्याचा तोडा चालू होता, सकाळपासून क्रेट भरून गाडी गेली होती. दुपारी ओसरीवर पानं वाढली. भरली वांगी, गाजराची कोशिंबीर, कांद्याची पात, भाकरी. माझी आई चुलीपाशी बसून भाकऱ्या टाकत होती. जुईने आपल्या शेजारी एक रिकामं ताट मांडलं आणि आजीला येऊन बसायला सांगितलं.

"मी काय पाव्हणी हाय का?" आई म्हणाली. "जेवा तुम्ही. मी बसते मागून."

जुईने हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं की आजी बसल्याशिवाय ती जेवणार नाही. मला भयंकर राग आला. आल्या आल्या दुसऱ्याच्या घरात हे काय नाटक, म्हणून मी तिला डोळे दाखवले. पण भाऊ उठला, त्याने तवा चुलीवरून खाली उतरवून ठेवला आणि आईला हाताला धरून आणलं. आई बसली. पदर सारखा केला, पाय कसे घ्यावेत ते तिला समजेना. वहिनीने तिच्या ताटात रस्सा सोडून दोन वांगी वाढली. आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"मला नको ती," ती हळूच म्हणाली. "वांगं नाय आवडत मला. घसा खाजतो."

भावाने विचारलं, कधीपासून?

"पयल्यापासून."

पन्नास वर्षं माझ्या आईने वांगी लावली, तोडली, क्रेटमध्ये भरली, आठवड्यातून तीनदा रांधली, आणि आम्ही उठल्यावर कढईत उरलेली खाल्ली. माझ्या आईला वांगं फार आवडतं, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. मी तिची लेक, घरातल्या प्रत्येकाची नावड पाठ असलेली.

जुईने आजीच्या ताटातली दोन्ही वांगी उचलून आपल्या ताटात घेतली. मग तिने विचारलं, "आजी, मग तुला काय आवडतं?"

बाहेर ऊन पडलं होतं. मेथीचे वाफे, गाजरं, कोबी, सगळं ओसरीवरून दिसत होतं. आईने ते सगळं एकदा नजरेखालून घातलं.

"असं कुणी इचारलंच नाय गं," ती म्हणाली. "थांब जरा. आठवू दे."

आम्ही हातातले घास तसेच धरून थांबलो.